पेशीच्या वेशीवर

शंकाकार : तोंडाच्या कर्करोगाचे निदान हाती पडल्यावर घरची माणसे वैद्याला जे पहिले चार प्रश्न विचारतात, त्यांत ‘साखर बंद करायची का?’ हा प्रश्न हल्ली हमखास असतो. कर्करोगाची गाठ साखरेवर पोसते असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. मग चहातली साखर जाते, पाठोपाठ गूळ जातो, केळे जाते, भाताची मूद अर्धी होते; आणि घास गिळता न आल्यामुळे आधीच झिजत चाललेला मनुष्य शास्त्राच्या नावाखाली आणखी झिजू लागतो. या अनर्थाचे मूळ, स्पष्ट बोलतो, क्षमा असावी, मला आपल्यासारख्या अभ्यासकांच्या उत्साहात दिसते. कर्करोगाची पेशी ग्लुकोज फार खाते, हे आपण इतक्या आवेशाने सांगितलेत, की ऐकणाऱ्याला ते त्या पेशीचे खास पापच वाटू लागले. वस्तुतः ग्लुकोज कोणती पेशी घेत नाही? मेंदू अहोरात्र घेतो. रक्तातील तांबड्या पेशींना तर तंतुकणिकाच नसल्यामुळे ग्लुकोजवाचून त्यांना दुसरा आधारच नाही. जे सर्वांच्या घरी चालते त्यावरून एकाच घरावर फिर्याद कशी गुदरता येईल?

आशावादी : गूळ सोडण्याचा सल्ला मी कोणाला दिलेला नाही, आणि जे देतात त्यांच्या बाजूने उभे राहण्याची माझी इच्छाही नाही. माझा विषय आहार नसून आयात आहे. ताटातली साखर आणि पेशीच्या आत गेलेले ग्लुकोज यांच्यामध्ये आतडे, यकृत, रक्त आणि शेवटी पेशीचे पटल असे अनेक नाके आहेत. त्यांपैकी शेवटच्या नाक्यावर काय घडते, एवढेच मी पाहतो. तिथे काहीतरी निराळे घडते ही शंका जुनी आहे. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग याने गाठीचे पातळ काप काढून त्यांचा श्वास मोजला, आणि प्राणवायू मुबलक असतानाही ते ग्लुकोजचे लॅक्टिक आम्ल करीत राहतात असे त्याला आढळले. १९२५ साली कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने कोंबडीच्या एका पंखात गाठ असता त्या पंखातून परतणारे रक्त निरोगी पंखातून परतणाऱ्या रक्ताशी ताडून पाहिले, तेव्हा गाठीकडच्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल अधिक भरले. एका ग्लुकोजच्या रेणूपासून पूर्ण श्वसनाने एटीपी या ऊर्जावाहकाचे तीसेक रेणू मिळावेत तिथे या किण्वनाने दोनच मिळतात. म्हणजे ज्याला याच वाटेने जायचे त्याला आयातही तशीच मोठी लागणार.

आता ही आयात होते कशी? पेशीचे पटल स्निग्ध आणि ग्लुकोज पाण्याशी सख्य राखणारे, त्यामुळे दार असल्यावाचून त्याला आत जाता येत नाही. ग्लूट-१ हे त्या दाराचे नाव. ते ४९२ अमिनो आम्लांचे, पटलाला बारा वेळा आरपार ओवून जाणारे एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकाचा क्रम १९८५ साली उलगडला आणि स्फटिकरूप रचना २०१४ साली दिसली. त्याची बाहेरची बाजू उघडते तेव्हा आतली मिटलेली असते, आतली उघडते तेव्हा बाहेरची मिटते, आणि या उघडझापीला पेशीला स्वतःची शक्ती खर्चावी लागत नाही. ग्लुकोज जिथे अधिक तिथून जिथे उणे तिकडे उतरते, इतकेच. याच कुळातील चौदा वाहक मनुष्यदेहात आहेत. डोके आणि मान या प्रदेशातील बहुसंख्य कर्करोग, म्हणजे जीभ, गाल, हिरडी, घसा, स्वरयंत्र यांच्या अस्तरात उद्भवणारे पट्टकी पेशींचे कर्करोग, तपासले असता हे दार त्यांच्या पटलावर उदंड संख्येने आढळते. २००३ साली जर्मनीतील संशोधकांनी मुखकर्करोगाच्या रुग्णांविषयी जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यात ज्यांच्या गाठीत ग्लूट-१ अधिक त्यांचे आयुष्य तोकडे, असेच दिसले. ही फिर्याद ऐकीव नाही, एवढेच मला आरंभी नोंदवायचे आहे.

शंकाकार : नोंद मान्य, निवाडा मात्र मान्य नाही. दुष्काळी सालात धान्याच्या दुकानापुढे रांग लागते. म्हणून रांगेमुळे दुष्काळ पडला असे आपण म्हणत नाही. वारबुर्गने नेमकी हीच चूक केली. पेशीचे श्वसन कायमचे बिघडते आणि त्यातून कर्करोग जन्मतो, असे त्याने १९५६ साली पुन्हा एकदा ठासून लिहिले. आणि त्याच वर्षी सिडनी वाइनहाउस याने, गाठीचे श्वसन मुळी बिघडलेलेच नाही, ती श्वसनही करते आणि किण्वनही करते, असे उत्तर दिले. पुढील संशोधनाचा कौल बव्हंशी वाइनहाउसच्या बाजूने पडला.

आपल्या दाराचेही तसेच आहे. गाठ वाढते तेव्हा तिच्या वाढीच्या वेगाने रक्तवाहिन्या वाढत नाहीत, आणि केशवाहिनीपासून प्राणवायूची पोच वहीच्या एका कागदाच्या जाडीहून फारशी अधिक नसते. त्या हद्दीपलीकडच्या पेशी गुदमरतात. गुदमरलेल्या पेशीत हिफ नावाचे प्रथिन टिकून राहते, जे एरवी प्राणवायूच्या साक्षीने तत्काळ मोडले जाते. आणि हे हिफ ग्लूट-१चे जनुक जागे करते. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते याच्या शोधाबद्दल २०१९चे नोबेल पारितोषिक दिले गेले, तेव्हा या साखळीबद्दल आपलाही वाद नसावा. गाठीचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पेशींच्या बेटांच्या मध्यभागी, मेलेल्या ऊतीच्या कडेने, ग्लूट-१चा रंग गडद उमटलेला दिसतो. ही भूक गाठीच्या स्वभावातली नसून तिच्या कोंडमाऱ्यातली आहे. आणि ज्यांच्या गाठीत कोंडमारा अधिक, त्यांची गाठ मोठी, जुनी आणि किरणांना न जुमानणारी असणारच. त्यांचे आयुष्य तोकडे होण्यास दारांची संख्या कारण कशाला हवी?

आणखी एक गोष्ट आपण वगळलीत. गालाच्या आतले निरोगी अस्तर घ्या; त्याच्या सर्वांत खालच्या थरात, जिथून नव्या पेशी उपजतात तिथे, हेच ग्लूट-१ सुखाने नांदत असते. ज्या दाराची चौकट निरोगी घरातही सापडते, ती चोराच्या घराची खूण कशी ठरेल?

आशावादी : आपला हा शेवटचा आक्षेप मी पुराव्यादाखल माझ्याच दप्तरात घालून घेतो, कारण माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यातच आहे. मध्यभागी, मृत ऊतीच्या कडेने उमटणारा रंग कोंडमाऱ्याचा, हे मी निमूटपणे कबूल करतो. परंतु त्याच काचपट्ट्यांवर दुसरीही एक तऱ्हा दिसते : बेटाच्या बाहेरच्या काठाने, जिथे आधारऊती आणि रक्त अगदी शेजारी आहेत, जिथे प्राणवायूची उणीव असण्याचे कारण नाही, तिथेही दारे उघडलेली असतात. ती कोणी उघडली? तंगीने नव्हे, तिथे हुकूम सुटलेला असतो.

तो हुकूम कोणाचा, याचा छडा २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने बऱ्याच अंशी लावला. पी-६३ नावाचे एक नियामक प्रथिन आहे, ज्याच्या अभावी उंदराच्या अंगावर धड त्वचाही तयार होत नाही. थराथरांच्या अस्तराला त्याचे अस्तरपण देणारे ते हेच, आणि त्याची खरी सत्ता चालते ती सर्वांत खालच्या थरात. त्याचे जनुक आणि सॉक्स-२ या त्याच्या साथीदार प्रथिनाचे जनुक ही दोन्ही तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहेत, आणि पट्टकी कर्करोगांत या भुजेच्या जादा प्रती वारंवार सापडतात. ही दोन प्रथिने मिळून ग्लूट-१चे जनुक थेट चालवतात, असे त्या अभ्यासात दिसले. म्हणजे निरोगी खालच्या थरात आपण दाखवलेले दार आणि गाठीच्या काठावर मी दाखवलेले दार एकाच अंमलदाराच्या सहीने उघडलेले आहे. फरक इतकाच, की निरोगी अस्तरात पेशी वर सरकू लागली की तो हुकूम मागे घेतला जातो, आणि गाठीत तो मागे घेणारा कोणी उरत नाही. म्हणूनच ही भूक मला सर्व कर्करोगांची नव्हे, पट्टकी कुळाची वाटते. आत आलेले ग्लुकोज केवळ जळणासाठीही जात नाही. त्याचा एक फाटा पेंटोजच्या मार्गाला लागून एनएडीपीएच निर्माण करतो, आणि त्याच्या बळावर पेशी स्वतःच्या आत साठणारी दाहक ऑक्सिडीकारके शमवते. उंदरांमध्ये केटोजनिक आहाराने, किंवा मूत्रावाटे साखर सोडणाऱ्या मधुमेहावरील औषधाने, रक्तातील ग्लुकोज उतरवले तेव्हा या कुळातील गाठींची वाढ मंदावली.

दाराला टेकू देणारे इतरही आहेत. डोके आणि मान यांच्या कर्करोगांत ईजीएफआर हे ग्राहक प्रथिन उदंड असते. त्यावरचे सेटुक्सिमॅब हे प्रतिपिंड २००६ पासून या रोगावर अमेरिकेत मान्य आहे. परंतु २००८ साली इतर काही कर्करोगांच्या पेशींत असे आढळले, की ईजीएफआरचे रासायनिक काम बंद पाडले तरी त्याचे नुसते अस्तित्वच सोडियमच्या जोडीने ग्लुकोज चढावर ओढणाऱ्या एका दुसऱ्या वाहकाला सांभाळून धरते. शिपायाचे हत्यार काढून घेतले तरी तो दारात उभा आहे तोवर दार शाबूत राहते, असा हा प्रकार.

शंकाकार : हुकूम आणि तंगी हा भेद मला आवडला, आणि मी तो आपल्याच विरुद्ध वापरणार आहे, परंतु तत्पूर्वी उंदरांचा निरोप घेऊ. एक सलग गोळा असावा तशी आपण गाठीविषयी बोलता. गाठ हे गाव आहे. तिच्यात कर्करोगपेशींखेरीज प्रतिकारशक्तीच्या भक्षकपेशी आणि टी-पेशी आहेत, तंतुपेशी आहेत. २०२१ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात उंदरांच्या गाठींतील निरनिराळ्या पेशी वेगळ्या काढून त्यांची खादाडी मोजली, तेव्हा पेशीमागे सर्वांत अधिक ग्लुकोज भक्षकपेशींच्या कुळाने ओढलेले निघाले, कर्करोगपेशींचा ओढा ग्लुटामिनकडे अधिक होता. ज्या साखरेचा हिशेब आपण चोराच्या नावे लिहिलात, तिच्यातला मोठा हिस्सा कदाचित पहारेकऱ्यांच्या खानावळीत गेला असेल.

आणि हे पहारेकरी आपल्याला हवेच आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २०२३ साली जी चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात बरे होण्याची आशा मावळलेल्या रुग्णांना गोळ्यांच्या स्वस्त उपचाराबरोबर निव्होलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दिले गेले. आणि वर्षाअखेर जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे औषध स्वतः गाठ मारीत नाही. ते टी-पेशींचा लगाम सोडते. आणि लढावयास उठलेली टी-पेशी पहिल्याप्रथम काय करते? स्वतःच्या पटलावर ग्लूट-१ची दारे वाढवते! तेव्हा आपण दार बंद करणारे औषध दिलेत, तर उपाशी कोण राहील, चोर की शिपाई?

मेंदूचे तर विचारूच नका. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या तटबंदीत हेच दार आहे. ज्या मुलांमध्ये ते जन्मतः उणे असते, त्यांना झटके येतात, त्यांची वाढ खुंटते. ही व्याधी १९९१ साली वर्णिली गेली. दाराऐवजी ओसरीवर घाला घालण्याचा प्रयोग आपल्याच देशात झाला : दिल्लीच्या इन्मास या संरक्षण खात्याच्या संस्थेने ग्लुकोजचा तोतया असलेले टू-डीजी हे द्रव्य मेंदूच्या गाठींवर किरणोपचाराच्या जोडीने वर्षानुवर्षे अभ्यासले, आणि तेच द्रव्य सामान्य जनतेच्या कानी पडले ते मात्र २०२१ साली, करोनाच्या साथीत. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाविषयीही केवढी आशा होती. स्तनाच्या कर्करोगात साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांवर त्याची कसून चाचणी झाली, तिचा निकाल २०२२ साली आला, आणि लाभ दिसला नाही. तो रोग निराळा, हे मान्य. परंतु ‘भूक मारा म्हणजे रोग मरेल’ या न्यायाला तो इशारा आहे.

आशावादी : इशारा मी घेतो. दाराला कुलूप लावता येईल असा दावा आज मला करता येणार नाही. तथापि कुलूप लावता आले नाही म्हणून दारावर नजर ठेवण्याचा उपयोग संपत नाही, आणि याचा दाखला आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. टू-डीजीचेच भावंड असलेले, फ्लोरिनचा किरणोत्सारी अणू वाहणारे एफडीजी १९७६ साली पेनसिल्व्हेनियात प्रथम मनुष्याला टोचले गेले. ते ग्लूट-१च्या दाराने आत शिरते, हेक्सोकायनेज हे विकर त्याच्यावर ग्लुकोज समजून फॉस्फेटचा शिक्का मारते, आणि शिक्का बसलेला रेणू ना परत जाऊ शकतो, ना पुढच्या पायरीवर चढू शकतो. जागच्या जागी अडकतो आणि ११० मिनिटांच्या अर्धायुष्याने आपला ठावठिकाणा सांगत राहतो. ज्याला लोक पेट स्कॅन म्हणतात त्यात दिसणारी तेजाळ जागा ती हीच.

आता याचे फळ पाहा. घशाचा वाढलेला कर्करोग किरण आणि औषधे यांनी हटवल्यावर मानेतील गाठी शस्त्राने काढून टाकण्याचा परिपाठ पुष्कळ ठिकाणी होता, मग त्या गाठींत जिवंत रोग उरला असो वा नसो. आणि मानेवरील शस्त्रक्रियेने खांदा जखडतो, मान आखडते, हे सोसणाऱ्यालाच ठाऊक. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांच्या मानेवर सरसकट शस्त्रक्रिया योजली आणि निम्म्यांची केवळ पेट स्कॅनने टेहळणी केली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. आणि दोन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्यात ८१.५ टक्के तर दुसऱ्यात ८४.९ टक्के, म्हणजे टेहळणीने कोणाचे काही बिघडले नाही. आपण ज्याला रांग म्हणून हसलात, त्या रांगेकडे पाहूनच शेकडो माणसांच्या माना वाचल्या. कारण म्हणून नको, पण साक्षीदार म्हणून तरी या दाराला उभे राहू द्याल की नाही?

शंकाकार : साक्षीदाराला उभे करा, पण उलटतपासणीही होऊ द्या. हा साक्षीदार भूक पाहतो, भुकेला कोण ते पाहत नाही. क्षयाची गाठ त्याला कर्करोगासारखी दिसते, आणि आपल्या देशात मानेतील गाठ क्षयाची असणे काही दुर्मिळ नाही. किडलेल्या दाढेच्या मुळाशी झालेला पू, किरणांनी भाजलेली ऊती, निरोगी टॉन्सिल, सारे त्याला तेजस्वी दिसते. एवढेच काय, टोचल्यानंतर रुग्णाने शेजाऱ्याशी गप्पा मारल्या, तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात. म्हणून त्याला तासभर मुकाट्याने बसवून ठेवावे लागते! बोलल्याने ज्याची जबानी फिरते, असा हा साक्षीदार.

त्याची दृष्टीही मंद आहे. गालाच्या आणि जिभेच्या कर्करोगात मान वरून निर्दोष दिसत असताना तिच्यातल्या गाठी आधीच काढाव्या, की रोग उगवण्याची वाट पाहावी, हा आपल्याकडचा जुना वाद. टाटा स्मारक रुग्णालयाने त्याचा निकाल २०१५ साली लावला : आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे त्या निर्दोष दिसणाऱ्या मानांपैकी कित्येकांत रोगाचे दाणे होते. आणि इतक्या सूक्ष्म दाण्यांची भूक पेट स्कॅनच्या नजरेत भरण्याइतकी मोठी नसते. आपण सांगितलेली ब्रिटिश चाचणी मुख्यत्वे विषाणूजन्य घशाच्या कर्करोगाची. आमचा रोग तंबाखू, चुना, सुपारी, मिश्री यांचा, गाल आणि हिरडी यांचा. वसंत रामजी खानोलकरांनी १९४४ सालीच मुंबईतील मुखकर्करोगाच्या ओळीने आलेल्या हजार रुग्णांचा आढावा मांडून ठेवला. आणि केरळात, जिथे आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन नुसत्या उजेडात लोकांची तोंडे पाहिली, तिथे तंबाखू वा मद्य सेवणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली दिसले. दाराची चौकशी करण्याआधी तोंड उघडून पाहणे स्वस्त आणि शहाणपणाचे नाही काय?

आशावादी : स्वस्तही आहे आणि शहाणपणाचेही; त्यात आपला-माझा पक्ष एकच. परंतु आपल्याकडे रुग्ण येतो तो बहुधा तोंड उघडेनासे झाल्यावर, आणि तेव्हा उपाय काय निवडावा हा प्रश्न उरतोच. म्हणून मी पुन्हा हुकूम आणि तंगी या भेदाकडे येतो. तंगीने उघडलेले दार सांगते, की इथे प्राणवायू नाही, आणि प्राणवायूवाचून किरणांचा मारा बराचसा फुकट जातो. डेन्मार्कमध्ये किरणोपचाराबरोबर निमोराझोल हे औषध देतात, जे प्राणवायूची थोडीबहुत जागा भरून काढते. त्याचा लाभ तेथील चाचणीत घशाच्या आणि स्वरयंत्राच्या वरच्या भागाच्या कर्करोगांत दिसला. पुढे तेथील संशोधकांनी पंधरा जनुकांची एक यादी केली, जिच्यावरून गाठ गुदमरलेली आहे की नाही ते ओळखावे. त्या यादीत ग्लूट-१चे जनुक आहे, आणि जुन्या चाचणीचे नमुने या यादीने पारखले तेव्हा लाभ गुदमरलेल्या गाठींतच एकवटलेला निघाला. उलट, हुकुमाने उघडलेले दार किरणांबद्दल काही सांगत नाही. ते सांगते, की ही पेशी आपल्या कुळधर्मालाच बांधलेली आहे, तिला ग्लुकोज तोडणे कदाचित सोसणार नाही. रंग एकच, पण त्याखालचे दोन रोग निराळे. हे दोन वेगळे करता आले, तर दार पुन्हा उपयोगी पडेल.

शंकाकार : मी हा भेद आपल्याविरुद्ध वापरीन म्हणालो होतो, तो आता वापरतो. डेन्मार्कपाठोपाठ ब्रिटनमध्येही निमोराझोलची चाचणी झाली. २०२४ साली तिचा निकाल आला. तिथे रुग्णांच्या गाठी जनुकांच्या दुसऱ्या एका यादीने पारखलेल्या होत्या, आणि गुदमरलेल्या ठरलेल्या गाठींतही लाभ दिसला नाही. कदाचित यादी निराळी म्हणून, कदाचित रुग्ण वयस्कर आणि अशक्त म्हणून. परंतु कदाचित यासाठीही, की आपण मांडता तितका हुकूम आणि तंगी यांचा दफ्तरी विभाग गाठ पाळीत नाही. एकाच पेशीला सकाळी पी-६३चा हुकूम असेल आणि संध्याकाळी जवळची केशवाहिनी मिटल्यावर तंगीही येईल. बायोप्सी हा त्या गावाच्या एका गल्लीचा, एका दिवसाचा रोजनामा. त्यावरून आपण सबंध सालाचा वसूल कसा ठरवणार?

आशावादी : याचे उत्तर माझ्याजवळ नाही, असे प्रांजळपणे सांगतो. मात्र आता मीही एक प्रश्न विचारतो. आपण आरंभी त्या साखर सोडणाऱ्या रुग्णाविषयी कळवळून बोललात. दार कोणाच्याही हुकुमाने उघडलेले असो, आत जाणारा माल रक्तातूनच येतो ना? मग रक्तातली साखर उतरवल्याने काहीच फरक पडत नाही, असे आपण कोणत्या आधारावर म्हणाल?

शंकाकार : दोन आधार आहेत. एक, उपाशीपोटी निरोगी रक्तात दर १०० मिलिलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते, आणि तेवढ्यावरही ग्लूट-१चे दार बहुतांशी भरलेलेच चालते. रांग थोडी आखूड केल्याने दारातून आत जाणाऱ्यांची गती फारशी घटत नाही. दुसरा आधार आपल्याच कोरी दांपत्याचा. गाठीने सोडलेले लॅक्टिक आम्ल रक्तातून यकृताकडे जाते, आणि यकृत पदरची शक्ती खर्चून त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. या फेऱ्याला जगभर कोरीचक्र म्हणतात. माणसाने खाणे तोडले, तर यकृत स्नायू मोडून साखर बनवते आणि रक्ताची पातळी सांभाळते. म्हणजे उपासाने गाठीची खानावळ बंद होत नाही, तिचे बिल रुग्णाच्या दंडातून आणि मांडीतून वसूल होते. आणि आपल्या उंदरांना तरी घास गिळता येत होता!

आशावादी : पहिल्या आधारात एक फट आहे, ती दाखवतो. रक्तात साखर भरपूर म्हणून दार भरलेले, हे केशवाहिनीच्या काठी खरे. गाठीच्या गाभ्यात ग्लुकोज रक्तातल्याहून कितीतरी विरळ असते, आणि तिथे दार भरलेले नसते. तिथल्या पेशीला रक्तातला थोडासा चढउतारही कदाचित जाणवेल. तेव्हा मधुमेही रुग्णाची अनियंत्रित साखर आटोक्यात आणणे आणि निरोगी रक्ताच्या रुग्णाला उपाशी ठेवणे, या दोन गोष्टींना एकाच मापाने मोजू नका, इतकेच माझे मागणे.

शंकाकार : हे मागणे रास्त आहे, आणि याच जागी आपले दोघांचे बोलणे मला प्रथमच एका रेषेवर आल्यासारखे वाटते. बाकी बहुतेक कर्करोग देहाच्या आतल्या दालनांत होतात; हा एक रोग असा, की तो अन्नाच्या वाटेवरच, देहाच्या वेशीतच ठाण मांडतो. इथे पेशीचे दार सताड उघडे आणि माणसाचे तोंड दोन बोटे उघडण्याइतकेही मोकळे नाही. पहिले मिटवण्याच्या नादात लोक दुसरे मिटवतात, ही माझी खरी तक्रार होती; ती आपल्याविरुद्ध नव्हती, हे आता उमगते.

आशावादी : आणि माझी खरी आशा दार मिटवण्याची नव्हती, ते वाचण्याची होती, हे मलाही बोलता बोलता उमगले. ‘गाठ साखर किती खाते’ हा प्रश्न मी आता सोडून देतो. ‘कोणत्या पेशीचे दार, कोणाच्या सहीने, आणि किती काळ उघडे’ हा प्रश्न माझ्यापाशी ठेवतो.

शंकाकार : ठेवा, परंतु त्यातला ‘किती काळ’ हा भाग आपल्या एका काचपट्टीला सांगता येणार नाही, हेही जवळ ठेवा. तोवर उद्या जो रुग्ण येईल, त्याच्या नाकातून नळी घालावी लागली तरी तिच्यातून पेज जाऊ द्या, दूध जाऊ द्या, आणि मधुमेह नसेल तर त्यात चमचाभर साखरही जाऊ द्या. गाठीला किती मिळाली आणि माणसाला किती, हा हिशेब मांडण्याइतके आपल्यापैकी कोणीही अजून शहाणे झालेले नाही.